सावकाश ठोका

धाव तापली की मग कुणालाच थांबता येत नाही. लाकडी चाकावर चढवायचं ते लोखंडी कडं निखाऱ्यांच्या रिंगणात लाल झालं, की सांडशांनी उचलायचं, चाकावर ठेवायचं, एका बाजूनं पहारीनं रेटायचं, दुसऱ्या बाजूनं घणानं बसवायचं, आणि लाकूड पेट घ्यायच्या आत वरून पाणी. बादली विहिरीतून वर यायला लागतो तेवढाच काय तो वेळ.

त्या सकाळी सांडशीवर लोहार आणि शेजारचा सुतार होते, पहारीवर लोहारीण. अर्धं कडं बसलं होतं. उरलेलं अर्धं रुसल्यासारखं चाकाच्या कडेवर अडून राहिलं. तिनं पहार खाली घातली, अंगाचा सगळा भार टाकला, आणि कडं एकदम खाली गेलं. पहार सुटली. तिचं वरचं टोक उसळून आलं ते तिच्या छातीच्या मधोमध.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. लोहारानं मान वर केली. तिचे डोळे मोठे झाले होते, तोंड उघडं होतं, पण हातांनी पहार पुन्हा धरली होती. लाकडातून धूर निघायला लागला होता. "पाणी," ती म्हणाली, आणि सासूनं बादली रिकामी केली. वाफेत चौघंही दिसेनाशी झाली. वाफ विरली तेव्हा धाव चाकाला मिठी मारून बसली होती, आणि लोहारीण जमिनीवर.

सुतार जन्माचा थट्टेखोर. म्हणाला, "वहिनी, पहारीनं तुमच्यावर कसला राग काढला?" ती हसायला गेली. हसू अर्ध्यात राहिलं. तिनं छातीवर पंजा ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, जणू आत काही सांडू नये.

पंजा जिथे ठेवला तिथेच कातड्यावर ती जुनी रेघ होती. गळ्याच्या खळग्यापासून खाली वीतभर, फिकट, शिवलेल्या पोत्याच्या तोंडासारखी. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्यात तिच्या काळजाची एक झडप शिवली होती. त्याआधीचं वर्षभर ती बिछान्यावर आडवी झोपू शकत नव्हती. भिंतीला टेकून बसायची, आणि चार पावलं चालली की गळ्यात काहीतरी फडफडायचं. तिथल्या सर्जननं लोहाराला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं: ही झडप नीट मिटत नाही, रक्त पुढे जायचं ते मागे फिरतं. तेव्हा सगळ्यात आधी समजलं ते म्हाताऱ्या सासूला. आयुष्यभर भाता ओढलेली बाई ती. भात्याच्या आतलं चामडं फाटलं की वारा विस्तवाकडे न जाता ओढणाऱ्याच्या तोंडावर येतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाला, झडप शिवली आणि ती पसरू नये म्हणून भोवती एक बारीक कडं बसवलं. लोहारानं मान डोलवली होती. "म्हणजे धाव चढवलीत," असं तो म्हणाला, आणि तो गंभीर माणूस मोठ्यानं हसला होता.

ती धाव अकरा वर्षं टिकली. त्या अकरा वर्षांत लोहारणीनं किती फाळ, किती कुऱ्हाडी, किती कुदळी ठोकल्या याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पहारीच्या तडाख्यानंतर दुसऱ्या दिवशी छाती जांभळी झाली. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण वयानं लहान, पण हातानं हलकी. तिनं फोटो काढायला लावला. हाड मोडलेलं नव्हतं. मुका मार आहे, म्हणाली, मुका मार फार बोलतो, दोन महिने तरी बोलेल; श्वास घेताना दुखेल, खोकताना दुखेल. आठ दिवस काम बंद. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दाखवायला या, कारण तुमची झडप जुन्या दुरुस्तीची आहे.

आठ दिवस लोहारीण उंबऱ्यात बसली. आठ दिवस लोहाराच्या दारात फाळांची रांग वाढत गेली. पेरणी महिना-दीड महिन्यावर आली होती. यंदा जमीन अशी तापून बसली होती की नांगर घातला की ढेकूळ न फुटता फाळच झिजे. माणसं फाळ खांद्यावर टाकून यायची, भिंतीला टेकवून ठेवायची, खडूनं आपली खूण करायची आणि उंबऱ्याकडे बघून विचारायची, वहिनी, कधी उठताय. कुणी वाईट हेतूनं विचारत नव्हतं. पण नवव्या दिवशी तिनं डोक्याला फडका आवळला आणि घण उचलला.

त्यांचं काम असं चालायचं. सासू भाता ओढी. लोहार ताव काढी, म्हणजे लाल झालेलं लोखंड सांडशीनं विस्तवातून ऐरणीवर आणी, आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीनं जागा दाखवी. टिण. त्या जागेवर लोहारणीचा घण पडे. धम्म. टिण, धम्म. टिण, धम्म. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. बोलायची गरजच नसायची. ठोका त्याचा, घण तिचा. चालणारा माणूस जसा आपली पावलं मोजत नाही, तसा तिनं बावीस वर्षांत हा ठोका कधी मोजला नव्हता. भात्याजवळ म्हातारी आपल्याच तंद्रीत म्हणत असायची,

भात्याचा गं वारा, जाई निखाऱ्याच्या घरी,
काळ्या लोखंडाची लेक, लाल होई घडीभरी.

आणि भाता, गाणं, हातोडी, घण या चौघांचं एकच चालणं होऊन जायचं.

नवव्या दिवशी लोहारानं हातोडी किंचित उशिरा टाकली. मुद्दाम. मुका मार आहे, बरगडी भरून येईपर्यंत सांभाळू, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर तिला कळलं असतं. तो फक्त ऐकत होता. घण वर जाताना तिचा श्वास आत जायचा, खाली येताना बाहेर पडायचा, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो अडखळायचा. अडखळला की लोहार हातोडी अर्धा क्षण थांबवायचा. दुसऱ्या आठवड्यात तो अर्धा क्षण एक क्षण झाला. ठोका इतक्या हळूहळू उतरत गेला, की रोजच्या रोज ऐकणाऱ्याला तो कालच्यासारखाच वाटावा.

पण सावकाश ठोक्यात लोखंड वाट पाहत नाही. ते थंड होतं. म्हणून त्यानं आणखी एक गोष्ट केली, जी त्याच्या बापानं पाहिली असती तर सांडशी हातातून काढून घेतली असती. तो फाळ जास्त तापवू लागला. पूर्वी लाल झाला की काढायचा, तो आता पिवळा होईपर्यंत ठेवायचा; मग पिवळ्याचा पांढुरका. त्यातून बारीक ठिणग्या उडायला लागल्या, की लोखंड लोण्यासारखं मऊ. हलका घणही पुरे. त्या ठिणग्या म्हणजे पोलाद जळतंय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. एवढ्यानं काय होतंय, असं तो मनाशी म्हणायचा. दोन महिन्यांची तर गोष्ट.

म्हातारीला कळलं होतं. भाता दीडपट ओढावा लागत होता. तिनं मुलाकडे एकदा पाहिलं, सुनेकडे एकदा पाहिलं, आणि ओढत राहिली. तिचं गाणं मात्र ठोक्यापुढे धावायला लागलं, म्हणून तिनं ते सोडून दिलं. सुनेनं विचारलं तर घसा बसलाय म्हणाली. पाणी भरायलाही तीच जाऊ लागली. गुडघे आखडलेत, चालायला हवं, असं कारण सांगून.

अशी तिघं एका कामाला लागली होती. फक्त तिसरीला ते माहीत नव्हतं.

वीस दिवसांनी डॉक्टरणीनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, भुवया जवळ आणल्या. आवाज आहे, म्हणाली, पण अकरा वर्षांपूर्वीच्या कागदावरही थोडा आवाज लिहिलेला आहे. मग विचारू लागली. धाप लागते का. रात्री उशी वाढवावी लागते का. लोहारीण म्हणाली, दोन गोधड्या घेते उशाला, पण ते बरगडीमुळे, आडवं झालं की दुखतं. पाय सुजतात का. दिवसभर उभी असते, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो थोडा.

"आणि काम? घण पूर्वीसारखाच चालतो?"

"पूर्वीसारखाच," लोहारीण म्हणाली. "सकाळी सातपासून दुपारपर्यंत. एक दिवस खाडा नाही."

तिनं शपथेवर सांगावं इतकं ते तिच्या लेखी खरं होतं. डॉक्टरणीनं लोहाराकडे पाहिलं. लोहारानं आपल्या नखांतल्या काजळीकडे. त्याला वाटलं, आता बोललो तर हिला कळेल की आपण तिला सांभाळून घेतोय; मग ही उद्यापासून हट्टानं जोरात मारील आणि बरगडी कधीच भरायची नाही. तो गप्प राहिला. डॉक्टरीण थोडं हसली. दिवसभर घण मारणाऱ्या बाईचं काळीज माझ्यापेक्षा बरं असणार, म्हणाली, आणि कागदावर लिहिलं: रोजचं कष्टाचं काम विनात्रास करते.

ते वाक्य घेऊन दोघं घरी आली. वाटेत चढ होता. लोहारीण दोनदा थांबली, एकदा चपलेतला खडा काढायला, एकदा शेतातलं बुजगावणं बघायला. लोहारही दोन्ही वेळा थांबला.

पुढच्या तीन आठवड्यांत तिचे गाल आत गेले आणि पाय भरून आले. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरायला वेळ घ्यायचा. सकाळी उठताना खोकला. घास गिळताना मध्येच थांबून ती श्वास घ्यायची, विहिरीच्या काठावर दमलेलं जनावर उभं राहतं तशी. एके दिवशी केस विंचरताना हात वर धरवेना, तेव्हा ती सासूसमोर पाठ करून बसली. म्हातारीनं काही न बोलता तिची वेणी घातली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सगळा दोष मुक्या माराचा. आणि घण? घण तर रोज चालतोच आहे, मग आतलं काही बिघडलं असेल कसं, असं लोहारीण स्वतःलाच समजावी. तिच्याकडे एवढा एकच पुरावा होता, आणि तो ऐरणीवर रोज वाजत होता.

मग एक दिवस दुपारच्या आत दगडमळ्याचा मालक आला. त्याच्या शेतात मातीपेक्षा दगड जास्त म्हणून त्याला गाव तसंच ओळखे. त्यानं पिशवीतून फाळाचे दोन तुकडे काढले आणि ऐरणीवर ठेवले.

"लोहारदादा, मी फाळ मागितला होता. तू बिस्कीट दिलंस."

सुतार कुंपणापलीकडून हसला. रांगेतल्या आणखी दोघांनी आपापल्या फाळांकडे पाहिलं. लोहार म्हणाला, तुझ्या मळ्यात पहाड पुरलाय, त्याला मी काय करू. मालक म्हणाला, याच मळ्यात तुझ्या बापाचा फाळ सात वर्षं चालला; आणि हा माझा एकट्याचा नाही, खालच्या आळीत तिघांचे वाकले, एकाचं टोक उडालं; लोक बोलत नाहीत, कारण वहिनी आजारी दिसतात, पण दुसऱ्या गावच्या लोहाराकडे जायला लागलेत.

लोहारणीनं घण भिंतीला टेकवला, पुढे आली आणि एक तुकडा उचलला. तुटलेली बाजू उजेडाकडे धरली. तिचा बापही लोहारच. लहानपणी तो तिला तुटकं लोखंड हातात देऊन विचारायचा, सांग याला काय झालं होतं. नीट तापलेल्या पोलादाचा तुटका दाणा बारीक असतो, राखेसारखा करडा. हातातल्या तुकड्याचा दाणा खडीसाखरेसारखा होता. मोठा, चमचमता. जळालेला.

तिनं दुसराही तुकडा पाहिला. मग मालकाला सांगितलं, दादा, चूक आमची. परवा नवा फाळ घेऊन जा. तो गेला. रांगेतले दोघंही आपले फाळ तिथेच ठेवून, काहीतरी निमित्त करून गेले.

ती नवऱ्याला म्हणाली, "किती दिवस जाळताय?"

भाता थांबला होता. म्हातारीनं दांडीवरचा हात काढला नव्हता.

"माझ्यासाठी?"

"बरगडीसाठी," तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले. आत कुठेतरी ती दिवस उलटे मोजत होती. कोळसा ओला आहे म्हणून मध्ये घेतलेली विश्रांती. आईंचा बसलेला घसा. पाण्याच्या कळशा. मग तिनं फडका सोडला, पुन्हा आवळून बांधला, आणि सांगितलं की एक फाळ तापवा. लाल झाला की काढा, वर एक क्षण नको. आणि हातोडी जुन्या ठोक्यानं टाका. मला बघू द्या.

त्यानं नको म्हटलं. ती म्हणाली, "बावीस वर्षं तुमच्या हातोडीवर डोळे मिटून घण टाकलाय मी. आज तरी फसवू नका."

भाता सुरू झाला. फाळ लाल झाला. लोहारानं तो ऐरणीवर आणला आणि हातोडी टाकली, जुन्या चालीनं. टिण. धम्म. टिण. धम्म. चौथ्या-पाचव्या घावापर्यंत त्याला वाटलं, आपणच वेडे, हिला काही झालेलं नाही. घण सरळ येत होता, भार पूर्ण होता. सातव्याला तिचा श्वास शिट्टीसारखा वाजला. नवव्याला घण फाळाच्या काठावर पडला. त्याची हातोडी थांबायला लागली तशी तिनं मान हलवली: वाजवा. त्यानं वाजवली. अकरावा घाव ऐरणीच्या कोपऱ्यावर बसला, ठिणगी उडाली, घण हातातून सुटून कोळशात गेला, आणि त्याच्यामागे ती. पूर्वी एका तावात चाळीस घाव घालायची बाई.

ती कोळशाच्या ढिगावर बसून खोकत राहिली. ओठ जांभळासारखे झाले होते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना शिरा उड्या मारत होत्या. शेवटी थुंकली ते राखेत पडलं: फेस, आणि फेसाला गुलाबी झाक. म्हातारीनं पायानं राख सारून तो झाकला, आणि मग मुलाला, जो हातात थंड होत चाललेला फाळ धरून उभा होता, फक्त एवढं म्हणाली, "गाडी जुंप."

आरोग्य केंद्रात डॉक्टरणीनं नळी लावली आणि या वेळी फार वेळ ऐकायची गरज पडली नाही. इंजेक्शन दिलं, लघवीच्या गोळ्या दिल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. मग विचारलं, हे कधीपासून. लोहारानं सगळं सांगितलं. हातोडी, ठोका, पांढरा ताव. बायकोसमोर सांगितलं, शिपायासमोर सांगितलं, औषधाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसांसमोर सांगितलं. डॉक्टरीण ऐकता ऐकता लिहायची थांबली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्यासमोरच बसला होतात. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, मलाही नळीपेक्षा तिच्या शब्दावर विश्वास ठेवावासा वाटला.

लोहारीण खाटेवर उठून बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पण त्याच्या शर्टाच्या बाहीला निखाऱ्यानं पडलेल्या भोकात बोट घालून ती ते बोट फिरवत राहिली.

चार दिवसांनी चिठ्ठी घेऊन दोघं मोठ्या दवाखान्यात गेली. गोळ्यांनी पाय उतरले होते. चेहऱ्यावर थोडा रंग होता. पडद्यावर काळीज पाहणाऱ्या यंत्रापुढे तिला आडवं केलं. पहारीच्या तडाख्यानं ते बारीक कडं एका बाजूनं सुटलं होतं, आणि प्रत्येक ठोक्याला तिथून रक्त मागे उसळत होतं. पहिल्या आठवड्यात आला असतात तर काम सोपं होतं, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं. रागानं नाही, नुसती माहिती द्यावी तसं. आता काळीज ताणलं गेलंय. छाती पुन्हा उघडावी लागेल, जुनी शिवण, धोका आहे. थांबलं तर त्याहून जास्त.

मग त्यानं ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची यादी काढली. साडेतीन महिने.

लोहारानं विचारलं, तोवर राहील का ती. डॉक्टर म्हणाला, गळती या यादीतल्या सगळ्यांनाच आहे, दादा. ज्यांना चालवत नाही त्यांना आधी घ्यावं लागतं. त्यानं फाईल उलटली, मधल्या एका कागदावर बोट ठेवलं, आणि वाचून दाखवलं: रोजचं कष्टाचं काम विनात्रास करते. तिच्या दंडांकडे पाहिलं. घण मारून मारून घडलेले ते दंड अजून उतरले नव्हते. नवी चिठ्ठी वेगळं सांगते खरं, तो म्हणाला, पण दोन कागद दोन गोष्टी सांगत असतील तर मी स्वतःच्या मोजमापावर जातो. लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं. जितकं चालवेल तितकं. नर्स मोजेल. आकडा कमी आला तर याच आठवड्यात खाट.

व्हरांडा सरळ होता, एका टोकाला पाण्याचं पिंप, दुसऱ्या टोकाला बंद दार, मध्ये फरशीवर पिवळ्या पट्ट्या. नर्स मध्यम वयाची, पायात आवाज न करणारे बूट, गळ्यात घड्याळ. तिनं सांगितलं, आपल्या चालीनं चाला, दमलात तर थांबा, पण वेळ चालूच राहील. लोहारीण निघाली तसा लोहार तिच्या बाजूनं निघाला. नर्सनं थांबवलं. बरोबर कुणी चालायचं नाही. माणूस बरोबर असला की चाल बदलते, आकडा खोटा येतो.

लोहारणीनं पहिली पिवळी पट्टीही ओलांडली नव्हती. ती वळली आणि म्हणाली, "सिस्टर, यांना पुढे चालू द्या. बाजूला नको. पुढे."

नर्सला कळेना. लोहारीण म्हणाली की एकटीला चालायला सांगितलं तर मी लोकांना धडधाकट दिसेन अशी चालेन, मध्ये खडा काढेन, खिडकीतून बघेन, आणि मला स्वतःलाच कळायचं नाही की मी थांबले होते. गेला दीड महिना मी तेच केलंय. मला यांची खरी चाल माहीत आहे. ती पुढे असली की मी मागे राहिले ते मला कळेल, तुम्हालाही कळेल.

नर्सनं दोघांकडे पाहिलं. मग घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. "बोलायचं नाही. हात द्यायचा नाही. मागे वळायचं नाही. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

लोहार पुढे झाला. पाच-सहा पावलं टाकली असतील.

"ही तुमची चाल नाही," ती मागून म्हणाली.

नर्सनं बोट ओठावर ठेवलं. लोहाराच्या मानेला मागून कुणी तापलेली सांडशी टेकवावी तसं झालं. त्यानं खांदे सरळ केले आणि चालायला लागला, फाळ खांद्यावर घेऊन शेतावर जाताना चालायचा तसा, लांब पावलांनी. मागून तिच्या चपला वाजत होत्या. पिंपापर्यंत वाजल्या. वळताना डोळ्यांच्या कडेला तिचा फडका दिसला, दोन पट्ट्या मागे. त्यानं मान सरळ ठेवली. बंद दाराकडे जाताना चपलांचा आवाज लांबला. एका बाकावर बसलेली माणसं पाय आत घेऊन त्याच्याकडे बघत होती. आजारी बाईला मागे टाकून तरातरा चालणारा हा कसला नवरा, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. त्यानं ते वाचलं आणि चालत राहिला. दाराला हात लावून वळला, खाली बघत, तिच्या बाजूनं पुढे गेला. तिचा श्वास ऐकू आला. इतके दिवस ज्या श्वासासाठी तो थांबला होता, त्याला ओलांडून गेला. तिच्या बोटांचा वारा लागावा इतक्या जवळून.

पिंपाकडे जाताना त्याला तिची चार पावलं ऐकू आली. मग दोन. मग घासल्यासारखं काहीतरी. मग फक्त त्याच्याच चपला, रिकाम्या फरशीवर. नर्सनं अजून थांबा म्हटलेलं नव्हतं. पिंप दहा पावलांवर होतं. ती दहा पावलं त्यानं चालली. पुढे भिंत होती. भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटला होता. त्यानं कपाळ टेकवलं, आणि मग मागून नर्सचा आवाज आला.

तो वळला. ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली होती, पाय पसरलेले, एक चप्पल दूर गेलेली, ओठ पुन्हा जांभळे. नर्स तिच्याजवळ वाकून पट्ट्या मोजत होती, एका हातात पेन. लोहार धावला. त्यानं तिच्या काखेत हात घातले, तिला उचलायला.

तिनं त्याचा हात धरला. नेहमीसारखा घट्ट नाही, पण धरला, आणि खाली दाबला.

"थांबा," ती म्हणाली. श्वास घेतला. पुन्हा घेतला. "आधी तिला लिहू द्या."